कार्यालय बंद पडले तरी ताफा चालू राहावा यासाठी: सातत्य आराखडा कसा तयार करावा

27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक संगणकीय विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातील संगणकव्यवस्था निकामी केली. सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. समुद्रावरची जहाजे मात्र त्या काळात चालतच होती. या धंद्याचे वेगळेपण इथेच आहे. किनाऱ्यावरचे कार्यालय बंद पडले तरी जहाज पुढच्या बंदराकडे जात राहते आणि त्याला बंकर (जहाजाचे इंधन), एजंट (बंदरातला कंपनीचा प्रतिनिधी), सुटे भाग व बदली खलाशी ठरल्या दिवशी लागतातच. आग, टक्कर, तेलगळती यांसाठीची तयारी आयएसएम संहितेनुसार, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, प्रत्येक जहाजावर आधीच असते. सातत्य आराखड्याने उत्तर द्यायचे ते दुसऱ्या प्रश्नाचे: कार्यालयच जागेवर नसेल, तेव्हा जहाजाला आधार कोणी आणि कसा द्यायचा?

आराखड्याची सुरुवात संकटांच्या यादीने करू नये. ती यादी कधी संपत नाही, आणि पूर असो की महामारी, परिणाम शेवटी चारच असतात: इमारत वापरता येत नाही, संगणक चालत नाहीत, माणसे येऊ शकत नाहीत किंवा बाहेरचा पुरवठादार हात वर करतो. त्याऐवजी ताफा विभागाची सगळी कामे लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे ते किती वेळ थांबले तर जहाजाला झळ बसेल, हे नोंदवावे. आणीबाणीचा फोन घेणे क्षणभरही थांबू शकत नाही. नून रिपोर्ट, म्हणजे जहाजाचे स्थान व शिल्लक इंधन कळवणारा दुपारचा अहवाल, रोज येतो, त्यामुळे तो आला नाही हे त्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात यायलाच हवे. बंदरांना आगमनाची पूर्वसूचना 24 तासांपासून 96 तास आधीपर्यंत द्यावी लागते, म्हणजे तिची मुदत प्रत्येक जहाजाच्या पुढच्या बंदरावर ठरते. नियोजित देखभालीच्या नोंदी दोन आठवडे मागे पडल्या तरी भागते. प्रत्येक विभाग आपलेच काम तातडीचे असल्याचे सांगतो, म्हणून ही मुदत विभागप्रमुखांना विचारून ठरवण्यापेक्षा फ्लीट मॅनेजरने येत्या पंधरवड्याचे बंदर-वेळापत्रक समोर ठेवून ठरवावी.

त्यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कंटाळवाणे आहे, ते म्हणजे प्रत्येक जहाजाचे माहितीपत्रक. त्यात जहाजाचे सॅटेलाइट फोन क्रमांक, क्रू लिस्ट व नातेवाइकांचे संपर्क, ध्वज-प्रशासन (जहाजाची नोंदणी असलेल्या देशाचे सागरी खाते), पी अँड आय क्लब (जहाजमालकांची दायित्व-विमा संस्था), इतर विमाकर्ते आणि चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा) यांचे चोवीस तास चालणारे क्रमांक, पुढच्या दोन बंदरांचे एजंट आणि शेवटच्या नून रिपोर्टनुसार शिल्लक इंधन असावे. जहाजाची स्थिरता किनाऱ्यावरून मोजून देणाऱ्या आपत्कालीन सेवेशी करार असेल, तर तिचा क्रमांक सर्वांत वर लिहावा. कंटेनर जहाजासाठी धोकादायक मालाची यादी आणि स्टोएज प्लॅनही (कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे याचा आराखडा) सोबत हवा, कारण आग लागल्यावर पहिला प्रश्न कंटेनरमध्ये काय आहे हाच असतो. हे पत्रक छापील स्वरूपात आणि कंपनीच्या नेटवर्कशी व लॉगिनशी संबंध नसलेल्या ठिकाणी, असे दोन्हीकडे ठेवावे. मर्स्कच्या बाबतीत डोमेन कंट्रोलरची (नेटवर्कवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या सर्व्हरची) एकच प्रत घानामधील कार्यालयात वाचली, तीही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती म्हणून. क्रू बदलताना आणि बंदर सोडताना पत्रक अद्ययावत करण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे नावानिशी द्यावी. ‘ऑपरेशन्स विभाग’ असे लिहिले की ते कोणीच करत नाही.

जहाजाच्या बाजूनेही हीच तयारी लागते. कार्यालयाचा फोन लागला नाही तर कोणत्या क्रमांकावर बोलायचे आणि तोही लागला नाही तर काय करायचे, हे ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) एका कागदावर असावे. सुरक्षिततेच्या बाबतीत अंतिम अधिकार कॅप्टनचाच असतो, पण एजंटला आगाऊ रक्कम कबूल करणे किंवा जवळच्या बंदरात बंकर घेणे यांसारख्या व्यावसायिक निर्णयांची मर्यादा आधी लेखी ठरलेली नसेल, तर कॅप्टन उत्तराची वाट पाहत बसतो. गोंधळाच्या काळात बँक खाते बदलल्याचे बनावट ई-मेलही येतात. अशी कोणतीही सूचना जुन्या, ओळखीच्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पाळू नये.

मार्ग आणि माणसे यांचाही विचार हवा. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपमार्गे वळवावी लागली, तेव्हा आशिया ते उत्तर युरोप हा प्रवास दहा दिवस ते दोन आठवड्यांनी लांबला आणि पुढचे बंकर, ड्राय डॉक (जहाज पाण्याबाहेर घेऊन करायची दुरुस्ती) व क्रू बदल यांचे सगळे गणित बिघडले. लांबचा मार्ग धरायचा झाल्यास प्रत्येक जहाजाला किती इंधन लागेल, हे आधीच काढून ठेवावे. कोविडच्या काळात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. म्हणून क्रू बदलासाठी दुसरे आणि तिसरे बंदर ठरवून ठेवावे.

हे सर्व वेगळ्या जाडजूड ग्रंथात न लिहिता आयएसएम संहितेनुसार कंपनीकडे असलेल्या सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीलाच जोडावे. सायबर जोखीम त्या प्रणालीत 2021 पासून घेणे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ठरावानुसार अपेक्षित आहेच. आराखडा लागू झाल्याचे जाहीर कोण करणार, ती व्यक्ती उपलब्ध नसल्यास दुसरे कोण, हे पहिल्याच पानावर असावे.

सराव सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, पूर्वसूचना न देता घ्यावा. ड्युटीवरच्या सुपरिंटेंडंटला (किनाऱ्यावरून जहाजांची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला) कंपनीचा ई-मेल व सर्व्हर वापरू न देता एका जहाजाशी बोलायला सांगावे. इन्मारसॅट या उपग्रह फोनसेवेचा क्रमांक 870 ने सुरू होतो आणि कार्यालयातील फोनवर असे आंतरराष्ट्रीय कॉल बंद ठेवलेले असू शकतात. ही अडचण कागदावरच्या आराखड्यात दिसत नाही, फोन फिरवल्यावरच कळते.

व्यवस्था पूर्ववत होताना आणखी एक काम उरते. मधल्या काळात वहीत लिहिलेले नून रिपोर्ट, विश्रांतीचे तास, बंकरच्या पावत्या आणि तोंडी दिलेली संमती मूळ प्रणालीत चढवून जहाजाच्या नोंदींशी ताडून पाहावी लागते. ही पडताळणी पूर्ण झाल्याची सही फ्लीट मॅनेजर करेपर्यंत ती वही जपून ठेवावी आणि आराखडा लागूच समजावा.