जुना लॅपटॉप खरंच वेगवान झाला का? आधी मोजा, मग खर्च करा

लॅपटॉप रखडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला : ‘फॉरमॅट मार.’ त्याने चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. त्याऐवजी अर्धा तास मोजमापाला द्या. पैसे कुठे घालायचे ते कळेल, आणि दुकानदार ‘आता बघा कसा पळतोय’ म्हणाला की नुसती मान डोलवावी लागणार नाही.

१. आजचा वेग लिहून ठेवा. चार्जर लावा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन नको, कारण विंडोजमधल्या फास्ट स्टार्टअपमुळे तो पूर्ण बंद होतच नाही. ब्राउझर उघडेपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. मग पाच-दहा मिनिटे थांबून, विंडोजची पडद्यामागची कामे निवली की, सेव्हन-झिप या फुकट प्रोग्रामच्या टूल्स मेनूतला बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवा. तो प्रोसेसर आणि रॅम तपासतो. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कमार्क. प्रत्येक चाचणी तीनदा करा आणि मधला आकडा धरा. वेळ आणि पंखा-एसी चालू होता का, हेही टिपा. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरातली सकाळ यांचे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही.

२. अडतंय कुठे ते पाहा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि रोजचे काम सुरू करा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू (प्रोसेसर) निवांत, तर दोष बहुतेक हार्ड डिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडते आहे. स्टार्टअपच्या यादीतले नको ते प्रोग्राम तिथल्या तिथे बंद करा, ते फुकटात होते.

३. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) बसवा. माझ्या मते पहिला खर्च हाच. ५४०० आरपीएमची (मिनिटाला तितके फेरे घेणारी) हार्ड डिस्क सलग मोठी फाइल सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी ५०० च्या. पण खरा फरक क्रिस्टलडिस्कमार्कच्या ४के ओळीत (चार किलोबाइटचे विखुरलेले तुकडे वाचण्याचा वेग) दिसतो. विंडोज सतत असेच बारीक तुकडे इकडून तिकडून वाचत असते, आणि तिथे हार्ड डिस्क बऱ्याचदा १ एमबीसुद्धा गाठत नाही. साधी एसएसडी वीस-तीसपर्यंत सहज जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात जाण्याआधी लॅपटॉपचा मॉडेल नंबर नेटवर टाकून २.५ इंची एसएसडी लागते की एम.२ (छोट्या पट्टीसारखी), आणि एम.२ असेल तर साटा की एनव्हीएमई (त्याहून वेगवान जोडणी), ते बघून घ्या. स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये ईएमएमसी ही साठवणीची चिप बोर्डावरच डकवलेली असते, ती बदलता येत नाही. बॅकअप घेतल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

४. रॅम. ती कमी पडत असेल तरच वाढवा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे किती स्लॉट (खाचा) भरलेत ते दिसते. २००८ च्या सुमारास आलेल्या ॲटम एन२७० प्रोसेसरच्या नेटबुकला (छोट्या लॅपटॉपला) २ जीबीच्या वर रॅम चालत नाही, त्यावर पैसे घालूच नका.

५. धूळ काढा. सेव्हन-झिपचा बेंचमार्क दहा मिनिटे चालू ठेवा आणि टास्क मॅनेजरमधला सीपीयूचा स्पीड बघत बसा. सुरुवातीला ३ गिगाहर्ट्‌झच्या वर असलेला आकडा थोड्या वेळात निम्म्यावर आला, तर बहुतेक वेळा लॅपटॉप तापतोय. मागचे झाकण उघडलेत तर पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये धुळीची गादीच सापडेल. ब्लोअर मारताना पंख्याची पाती टूथपिकने अडवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग जाते. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर तीही बदला.

६. तुलना करा. एका वेळी एकच बदल, आणि लगेच त्याच चाचण्या. रॅम आणि एसएसडी एकदम टाकलीत तर गुण कोणाचा ते कळणार नाही.

दोन लॅपटॉप ताडतानाही नुसते प्रोसेसरचे नाव पुरत नाही. इंटेलचा आय५-८२५०यू हा १५ वॉटचा, पण लॅपटॉप बनवणारी कंपनी तो १० ते २५ वॉटमध्ये कसाही बसवू शकते. त्यामुळे तीच चिप असलेल्या पातळ आणि जाडसर लॅपटॉपचे आकडे वेगळे येतात. सेकंडहँड घेताना चाचणी एकदा चार्जर काढूनही चालवायला लावा. मग विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. फुल चार्ज कपॅसिटी मूळच्या निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.