शिमगा ते मृग : परड्यातल्या या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी दोनला टोमॅटोचं रोप मान टाकतं आणि आपण बादली घेऊन धावतो. पहिली चूक तिथंच होते.

भर उन्हात पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, म्हणून झाड पानं खाली सोडतं. याचा अर्थ ते तहानलेलंच आहे असा नाही. उन्हं कलली की परत बघा. सहा-साडेसहाला पानं ताठ झाली असतील तर त्याला काही झालेलं नाही. संध्याकाळीही लोंबलेलीच असतील तर मातीत बोटाची दोन पेरं घाला. कोरडी लागली तर पाणी द्या. ओली लागली तर पाणी बंद करा, मुळं कुजायला लागली असण्याची शक्यता आहे.

माती ओली आणि रोप सकाळीही हिरवंच्या हिरवं मलूल, असं असेल तर बुडाजवळ खोड कापून तुकडा काचेच्या पेल्यातल्या पाण्यात धरा. कापलेल्या टोकातून दुधाळ धागा उतरला की समजायचं, हा जिवाणूंचा मर रोग. त्यावर औषध शोधत बसू नका. रोप मुळासकट उपटून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. त्या जागी पुढं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काहीच नको; सगळी एकाच कुळातली आहेत. मका किंवा पालेभाजी चालेल.

आमच्या शेजारचे काका गेल्या उन्हाळ्यात मिरचीपुढं हात जोडून उभे होते. "रोज पाणी घालूलालोय की ओ, तरी वाळूलालंय!" खुरप्यानं उकरून बघितलं तर वरची इंचभर माती ओली आणि खाली धूळ. खानापूर-बेळगावकडच्या तांबड्या मातीत रोजचं शिंपण वरच्यावरच राहतं. मुळंही मग ओलाव्यामागं वर येतात आणि उन्हात भाजतात. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, सकाळी, आळं भरून पाणी द्या. कुंडी फार वाळली तर माती आकसून कडेची फट उघडते आणि वरून ओतलेलं पाणी तिथूनच खाली पळतं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवा. खानापूरच्या मातीच्या कुंड्या प्लॅस्टिकपेक्षा लवकर वाळतात खऱ्या, पण गच्चीवर मुळं थंड ठेवतात. मी अजून त्याच घेते.

निपाणी, चिकोडी, अथणीच्या काळ्या रानात गणित उलटं. ती माती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते आणि भेगांतून खालची ओल उडते. तिथं जास्त पाण्यापेक्षा खुरपून भेगा बुजवणं कामाला येतं.

आच्छादन न घालणं ही तर आपल्या उसाच्या बेळगाव जिल्ह्यात शोभत नाही अशी चूक. उसाचं पाचट फुकट मिळतं आणि लोक ते जाळतात! दोन-तीन इंच थर द्या, फक्त खोडाला टेकवू नका, वाळवी लागते.

एप्रिलमध्ये युरिया टाकू नका. पानांच्या कडा करपतात. टोमॅटोची फुलं गळतात म्हणून टॉनिक फवारण्यातही अर्थ नाही. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर गेला की फळ धरतच नाही. थांबायचं.

आता वळीव. पहिली सर आली, मातीचा वास सुटला की हात शिवशिवतात आणि कोथिंबीर, घेवडा पेरला जातो. मग दहा दिवस कडक ऊन पडतं आणि कोंब जळतात. त्या सरीनंतर खरं काम वेगळं असतं. दिवेलागणीला हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. कच्चं शेणखत घातलेल्या वाफ्यात त्यांची अंडी हमखास सापडतात, म्हणून खत पूर्ण कुजलेलंच हवं. दोडका, कारली, पडवळ यांची रोपं मेच्या मध्यावर पिशवीत, सावलीला करून ठेवा आणि मृगाला जमिनीत लावा.

वाफा उंच करायचा की खोल, हे मोबाईलवरच्या व्हिडिओला विचारू नका. घाटातल्या कणकुंबीला एका जुलैत पडतो तेवढा पाऊस अथणीला सबंध वर्षात पडत नाही. जांबोटी-खानापूरकडं वीतभर उंच गादीवाफा आणि जून सरायच्या आत मांडवावर चढलेले वेल हवेत, नाहीतर मुळं पाण्यात बसतात. तिथं जुलैत खत घालणं म्हणजे ओढ्याला खत घालणं. अथणी-रायबागला उंच वाफा केलात तर आहे ती ओलही निसटते. तिथं सपाट किंवा किंचित खोल वाफा बरा.

कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र सगळीकडंच मृगाआधी काढून ठेवा. मुळंही कुजत नाहीत आणि डासांची पैदासही होत नाही. कोबी, फ्लॉवरची घाई असेल तर तरू (रोपांसाठी वाफ्यात बी) गणपतीच्या सुमाराला टाका, पाऊस ओसरेपर्यंत रोपं हाताशी येतात.