पितळी मुखवटा बनवताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि पौराणिक पात्रांच्या मुखवट्यांची घाई उडते. पितळी मुखवटा आधी मातीत घडवतात, त्याचा साचा घेतात आणि त्या साच्यात पितळेची पावडर कालवलेलं रेझिन (घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) आणि काचतंतूंचं फायबर भरतात. मुखवटा मनासारखा झाला नाही की दोष सोनेरी रंगावर जातो. बिघाड बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, मातीतच झालेला असतो. साध्या रंगाखाली दबणारा ओरखडा धातूच्या चमकेत उठून दिसतो.

शेतातली काळी माती घेऊ नका. ती वाळताना फार आकसते, नाक-भुवयांना भेगा पडतात. कुंभाराकडची चाळलेली माती किंवा शाडू घ्या आणि काम थांबलं की ओल्या फडक्याखाली झाका. घडण झाली की खोलीत अंधार करून टॉर्च गालाच्या बाजूने आडवा धरा. बोटांचे ठसे, नाकपुडीजवळचा खड्डा, कपाळावरची लाट, सगळं सावलीत दिसतं. हे इथेच ओल्या ब्रशने सपाट करा. फायबरवर तेच काम पॉलिश पेपरने करायला दिवस जातो.

साचा अडकतो तो आत वळलेल्या खाचांमुळे. कानामागे, नाकपुडीत, ओठाखाली साच्याचं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) घट्ट बसतं आणि मग काहीतरी तुटतंच. अशा ठिकाणी साचा दोन भागांत करा, नाहीतर सिलिकॉन वापरा आणि त्यावर पीओपीचं कवच द्या. घडणीसाठी तेलाची (तेलात मळलेली, न वाळणारी) माती घेतली आणि तिच्यात गंधक असेल तर प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन चिकटच राहतं. तिथे टिन प्रकारचं घ्या. पीओपी पाण्यात भुरभुरा, पावडरीवर पाणी ओतू नका. पहिला पातळ थर ब्रशने, मग काथ्या घालून जाड थर. कलाकाराच्या चेहऱ्यावर जाड पीओपी थापून साचा घेणं मात्र कटाक्षाने टाळा. घट्ट होताना ते इतकं तापतं की कातडी भाजते.

पीओपीचा साचा पूर्ण वाळवून लाखेचं पॉलिश आणि मग मेण लावल्याशिवाय रेझिन ओतू नका. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, साधारण १ ते २ टक्के पुरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की वाटीतलं रेझिन बघता बघता घट्ट होतं, म्हणून पहाटे आणि थोडं थोडं कालवा. थंडीत उशीर लागतो म्हणून हार्डनर वाढवत जाऊ नका. खोली उबदार ठेवा. कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगाने करवणारं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळा, मग हार्डनर. चष्मा, हातमोजे हवेतच आणि काम उघड्या ओसरीवर, चुलीपासून लांब.

आता खरा मुद्दा. पितळेची पावडर पहिल्या थराच्या रेझिनमध्ये भरपूर कालवा, त्यामागे फायबर मॅट आणि साधं रेझिन. पावडरीमुळे रेझिन उशिरा सुकू शकतं, म्हणून आधी एक छोटा तुकडा करून बघा. साच्यातून निघालेला मुखवटा मातकट दिसतो आणि तिथेच लोक घाबरून त्यावर सोनेरी स्प्रे मारतात. धीर धरा. धातूवर रेझिनची पातळ कातडी असते. बारीक स्टील वूलने (पोलादी तारांच्या काथ्याने) नाकाचा शेंडा, भुवया, मिशा घासत जा. पितळ वर येतं. मग पातळ काळा रंग सगळीकडे लावून लगेच पुसा, तो फक्त खाचांत राहील. भंडाऱ्याचं जुनं पितळी भांडं समोर ठेवा: हात लागतो तिथे उजळ, कोपऱ्यात काळपट. मुखवट्यालाही तीच छटा हवी.

क्रोम स्प्रेच वापरायचा असेल तर खाली चकचकीत काळा थर पूर्ण वाळू द्या. वरून वार्निश मारलं की आरसा जातो आणि राखाडी उरतो. रंगमंचासाठी मला आरशासारखी चमक पटतच नाही. फोकस पडला की चेहऱ्याचे भाव नाहीसे होतात.

कडा घासून आतून फोम लावा, नाहीतर फायबरने गळ्याला खाज सुटते. डोळ्यांची आणि तोंडाची भोकं कापल्यावर तालमीत कलाकाराला मुखवटा घालून पूर्ण संवाद बोलायला लावा. आवाज आत घुमला तर हनुवटीखाली कापा.