जुन्या फियाटचे ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग बेळगावात कसे बनवून घ्यावेत

किंगपिनचा (पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती) बुश, म्हणजे तिच्याभोवतीची धातूची नळी, बाजारात मिळेना, म्हणून मी पहिल्यांदा उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर गेलो तेव्हा हातात फक्त झिजलेला जुना बुश होता. टर्नर मामांनी तो बोटांत फिरवून बघितला आणि परत माझ्या हातात ठेवला. "हे झिजलेलं माप आहे की. ह्याच्यासारखा केला तर नवा बुशपण झिजलेलाच होणार. माप जिथं झीज नाही तिथलं आणा."

गाडी १९६४ च्या घडणीची फियाट डिलाइट. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), चारी चाकांना ड्रम ब्रेक. चोर्ला घाट उतरताना ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी ओढल्यासारखी थांबत नाही, हा अनुभव आपल्या भागातल्या जुन्या फियाटवाल्यांना नवा नाही. त्यामुळे पुढे डिस्क बसवायची इच्छा होणं साहजिक आहे. बेळगावात लेथ, लेझर कटिंग, फाउंड्री, हीट ट्रीटमेंट सगळं उद्यमबाग ते मच्छे या पट्ट्यात मिळतं.

काम सुरू करण्याआधी कागदपत्रं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. तुमचा बदल त्यात बसतो का, हे बेळगावच्या केए-२२ किंवा चिकोडीच्या केए-२३ आरटीओ कार्यालयात आधीच विचारून घ्या. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, पण ती गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. ती नोंदणी हवी असेल तर डिस्कचा विचार सोडा आणि ड्रमच उत्तम करा. बदल करणार असाल तरी काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, वर नाव लिहून ठेवा.

काय बनवायचं, काय नाही

कॅलिपरचा (डिस्कला पॅडने चिमटीत धरणारा भाग) ब्रॅकेट, बुश, पिना, शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी), ड्रम, ब्रेकचे पाइप हे बनवून घेता येतं. स्टब ॲक्सल (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा), स्टीअरिंगचे आर्म, रबरी होज, सील आणि कप हे बनवायचं नाही, विकत घ्यायचं. फोर्जिंगच्या (तापवून ठोकून घडवलेल्या) भागावर वेल्डिंगचा एक टाकाही मारू नका, गॅसने तापवून सरळही करू नका. वरून ठीक दिसेल, पण त्याचं हीट ट्रीटमेंट गेलेलं असतं आणि तो मोडतो तेव्हा सूचना देत नाही.

इथे बेळगावकरांसाठी एक खास सावधगिरी. आपलं गाव हायड्रॉलिक्सचं आहे. मशीनचा होज पाहिजे त्या लांबीचा दहा मिनिटांत क्रिंप करून मिळतो, सीलही हवा तो मिळतो. पण ते सगळं खनिज तेलासाठी असतं, आतलं रबर नायट्राइलचं. ब्रेक ऑइल ग्लायकोलचं, त्याला ईपीडीएम रबर लागतं. नायट्राइलचा सील ब्रेक ऑइलमध्ये फुगतो, आणि ब्रेकमध्ये चुकून हायड्रॉलिक तेल पडलं तर ईपीडीएम फुगतं. दोन्हीत ब्रेक जाम तरी होतो किंवा दाब सोडतो. होजवर ब्रेकचा म्हणून छापलेलं असेल तरच घ्या.

पायरी १ : माप

बुशसाठी घराचा, म्हणजे बुश बसतो त्या भोकाचा, बोअर (आतला व्यास) मोजा, बुश नव्हे. पिनेचं माप तिच्या त्या टोकाला घ्या जिथे बुश कधी फिरलाच नाही. ड्रमचं माप कडेच्या न घासलेल्या पट्टीवर. पाट्यासाठी उंची मोजून उपयोग नाही, ती बसलेली असते. मुख्य पाट्याच्या अंगाने दोन डोळ्यांमधली लांबी मोजा, ती बदललेली नसते. व्हर्नियरने तीन ठिकाणी, बोअरसाठी बोअर डायल. मग हाताने का होईना, ड्रॉइंग काढा. आपल्याकडे एका शेडमध्ये मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही चालतात, पण मिलिमीटरचा आकडा तिन्हींत एकच. तोंडी सांगितलेल्या "अर्धा सूत जादा"चा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो.

पायरी २ : बुश आणि पिन

गनमेटलचा बुश घरात घट्ट बसायला हवा. साधारण २५ मिलिमीटरच्या घरासाठी बुश ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर मोठा ठेवा. हातोड्याने ठोकू नका, प्रेसवर बसवा. दाबून बसवल्यावर आतला बोअर आकसतो, म्हणून आतलं माप लेथवर पुरं करून आणू नका. थोडं कमी ठेवा आणि बसवल्यानंतर रीमर (भोक नेमक्या मापात आणणारं हत्यार) फिरवा. किंगपिनला वर-खाली दोन बुश असतात. दोन्हींतून एकच लांब रीमर गेला पाहिजे, नाहीतर बुश वेगवेगळे बरोबर असूनही पिन अडकते आणि स्टीअरिंग जड होतं. पिन फिरायला ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मोकळीक पुरते. बुशमधलं ग्रीसचं भोक निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) भोकासमोर आलं का, हे दाबण्याआधी बघा.

जिथे मुळात रबर आहे तिथे रबरच घाला. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना कधीही शेवटचे आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून हलवा, मग आवळा. लटकत्या अवस्थेत आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आपल्या गॅरेजांत सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

पायरी ३ : पाटे

हे स्प्रिंगवाल्याचं काम आहे. बसलेले पाटे थंड ठोकून कमान परत आणता येते. गॅसने तापवून वाकवलेला पाटा पहिल्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांतच परत बसतो. पाटे ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट मात्र नवेच, जुने ताणलेले असतात.

पायरी ४ : कॅलिपरचा ब्रॅकेट

मारुती ८०० चा कॅलिपर स्वस्तात मिळतो म्हणून लोक तो घेतात. पण ती गाडी फियाटपेक्षा बरीच हलकी. कॅलिपर आणि डिस्क तुमच्या गाडीइतक्या किंवा जास्त वजनाच्या गाडीचे घ्या, आणि ते १४ इंची चाकात बसतात का ते आधी बघा. रिमची आतली बाजू आणि कॅलिपर यांत निदान ४ मिलिमीटर फट हवी.

ब्रॅकेटवर जोर किती येतो, याचा हिशोब एकदा करून बघा. गाडी ९०० किलो आणि माणसं ३०० किलो, एकूण १२००. जोराचा ब्रेक म्हणजे वजनाच्या ०.८ पट जोर, त्यातला सुमारे ७० टक्के पुढच्या चाकांवर. म्हणजे एका चाकाला साधारण ३३६ किलो. टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटर आणि पॅड घासतो ती ९.५ सेंटिमीटर. ३३६ गुणिले २९ भागिले ९.५, म्हणजे हजार किलोच्या वर. एवढा जोर दोन बोल्टांवर आणि एका पट्टीवर येतो.

म्हणून आधी पुठ्ठ्याचा नमुना करा, मग २ मिलिमीटर पत्र्याचा. तो गाडीवर लावून चाक फिरवा, स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवा. सगळं मोकळं फिरलं तरच लेझरवाल्याकडे जा. प्लेट १२ मिलिमीटरची, साध्या स्ट्रक्चरल पोलादाची. भोकं लेझरने पुरी कापू नका. लहान ठेवा आणि ड्रिल करून रीमरने मापात आणा. कोपरे गोल, कडा कानशीने साफ, कारण तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो. ब्रॅकेट मूळच्या बोल्टच्या भोकांवरच बसवा. बोल्ट १०.९ ग्रेडचे, शिक्का असलेले, आणि प्लेटींच्या सांध्यात बोल्टचा सपाट दांडा यायला हवा, आटे नव्हे. डिस्क बसल्यावर डायल गेज लावून फिरवा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर हबची बैठक साफ करा.

ड्रमच ठेवणार असाल तर नवा ड्रम इथल्या फाउंड्रीत ओतता येतो. ग्रे कास्ट आयर्न, एफजी २६० सांगा. हे लोखंड थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं, म्हणून २५० मिलिमीटरच्या मापाला पॅटर्नवर (ज्यावरून साचा करतात त्या नमुन्यावर) अडीच मिलिमीटरची भर, शिवाय मशीनिंगसाठी प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर माल. एक-दोन नग कोणी आनंदाने ओतत नाही, तेव्हा चार फियाटवाले मिळून जा. शेवटचा कट ड्रम त्याच्याच हबवर लावून घ्या.

जुने लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) काढताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्यांच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क बांधा, ओल्या फडक्याने पुसा.

पायरी ५ : मास्टर सिलिंडर आणि पाइप

पायाचा जोर ३० किलो आणि पेडलचा लिव्हर पाचपट धरला तर मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल ज्याला दाबतं त्या सिलिंडरवर, १५० किलो येतात. पाऊण इंची बोअरमध्ये त्याचा दाब सुमारे ५२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर होतो, एक इंचीत जेमतेम ३० चा. मोठ्या बोअरचं पेडल वर आणि कडक लागतं, लोकांना तेच चांगल्या ब्रेकचं लक्षण वाटतं, पण दाब मात्र कमी असतो. सिलिंडर दोन सर्किटचा (दोन स्वतंत्र लाइनींचा) घ्या. ड्रमच्या जुन्या सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो डिस्कच्या लाइनला राहिला तर पॅड सतत घासत राहतात.

पाइप ४.७५ मिलिमीटरचे, पोलादी बंडी (दुपदरी पत्र्याचे) किंवा कॉपर-निकेलचे. फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप नको, थरथरीने तो कडक होऊन तडकतो. पाइप हॅकसॉने नव्हे, कटरने कापा. पाइपचं तोंड पसरवून फ्लेअर मारण्याआधी नट आत सरकवा (प्रत्येक जण हे एकदा तरी विसरतो). डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर यांच्या बैठका वेगळ्या, तशाच मिलिमीटरच्या आणि इंची आट्यांच्याही. सांध्यावर टेफ्लॉन टेप लावू नका.

पायरी ६ : हवा काढणे आणि चाचणी

डॉट ४ चं नवं, सीलबंद डबं फोडा. हे ऑइल हवेतली ओल ओढतं. कोरडं असताना ते २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर १५५ ला. बेळगावच्या पावसात अर्धं उघडं राहिलेलं डबं म्हणजे घाटात पेडल खाली जाण्याची तयारी. सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत या. मग पेडल पूर्ण जोराने दाबून दोन मिनिटं धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी खाली प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघायला सांगा.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट जागेत, २० च्या वेगाने, हँडब्रेक हाताशी ठेवून. नंतर ५० वरून २० पर्यंत दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण न थांबता, मध्ये डिस्क गार होऊ देत. घरी आल्यावर चारी चाकांना हात लावून बघा. एकच तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. २०० किलोमीटर झाल्यावर ब्रॅकेटचे बोल्ट आणि यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि बोल्टच्या डोक्यावर रंगाची रेघ ओढून ठेवा, म्हणजे सैल झाला तर नजरेनेच कळेल. ती रेघ जागची हललेली नाही हे बघूनच चोर्ल्याकडे गाडी वळवा.