बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी: माझा अनुभव

मुळशीकडच्या आमच्या शेतावर वडिलांनी मातीचा बांध घालून केलेलं छोटं तळं आहे. बांधाची उंची जेमतेम बारा फूट. पोरं पोहतात, एक जुनी होडी आहे, बस्स. गेल्या भाद्रपदात बांधाच्या पायथ्याशी ओल दिसली. नितळ पाणी थोडंफार झिरपणं मातीच्या बांधाला नवं नाही. पण मी ते काचेच्या ग्लासात धरलं तर तळाला माती बसली. म्हणजे बांध आतून धुपत होता. पानशेतचं मातीचं धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ पुणेकराला वेगळा सांगावा लागत नाही.

गवंडी म्हणाला, "साहेब, बाहेरून सिमेंट मारू." नेमकं तेच करायचं नसतं. तोंड बुजवलं की पाणी आत दाब धरतं आणि दुसरीकडून फुटतं. आधी सायफनने पातळी तीन फूट उतरवली. मग झिरपणाऱ्या जागेवर उलटी गाळणी रचली: मातीला लागून वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग जाड खडी, शेवटी दगड. पाणी जातं, माती अडते. पाण्याच्या बाजूला खेकड्यांची बिळं निघाली (२०१९ मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांच्या कारणावर मीही हसलो होतो). ती खणून चिकणमाती थराथराने धुमसून भरली.

सांडव्यातला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेतला, पालापाचोळा काढला, सुबाभळीची रोपं उपटली. बांधावरच्या जुन्या आंब्याला मात्र हात लावला नाही. तोडला तर मुळं कुजून पोकळी होते. त्याचं अभियंत्याला विचारून बघू.

ग्लासातलं पाणी आता नितळ आहे. तरी दर रविवारी भरून बघतोच.