भूतानला जायचंय? आधी हे बघून घ्या

सगळ्यात आधी एसडीएफचा हिशोब करा, म्हणजे भूतान सरकारला दर रात्रीची द्यायची फी. आपल्या भारतीयांना माणशी 1200 रुपये, बाकीच्या बहुतेक परदेशी लोकांना 100 डॉलर. 2022 मध्ये त्यांनी ती थेट 200 डॉलर केली होती, पण कोविडनंतर हॉटेलवाले, गाईड आधीच डबघाईला आलेले, पर्यटक येईनात, मग 2023 मध्ये निम्म्यावर आणली. गर्दी नको पण पैसा तर हवा, हीच त्यांची खरी गोची आहे.

6 वर्षांखालच्या पोरांना फी माफ, 6 ते 12 ला अर्धी.

कागदपत्रात पासपोर्ट किंवा वोटर आयडी घ्या, आधारवर भागत नाही हां. स्वस्तात जायचं तर पश्चिम बंगालमधल्या जयगावहून सीमेपलीकडच्या फुंटशोलिंगमार्गे रस्त्याने जा, विमान पारोला उतरतं पण तिकीट महाग, आणि दरी इतकी चिंचोळी की हवा बिघडली तर फ्लाइट लटकलीच, म्हणून परतीचा एक दिवस मोकळा ठेवा. पारोजवळच्या कड्यावरचा टाकत्सांग मठ सकाळी लवकर चढायला घ्या, आत मोबाईल-कॅमेरा नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो.