माल्टाच्या उथळ खडकांवर पहिलं स्कुबा डायव्हिंग: या चुका टाळा

मालवणला ट्राय डाइव्ह करताना इन्स्ट्रक्टर आपल्याला धरून फिरवतो. माल्टात ओपन वॉटर कोर्सला (स्वतः डाइव्ह करायला शिकवणारा पहिला कोर्स) गेलात की तोल, श्वास, दिशा हे सगळं तुमचं तुम्हाला सांभाळावं लागतं. चिर्केव्वाला किंवा गोझो बेटावरच्या शलेंडीला किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येतं. पाणी इतकं नितळ की तळ अगदी जवळ वाटतो आणि मग मनात येतं, आठ-दहा मीटर म्हणजे काय मोठंसं!

बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. पृष्ठभागापासून 10 मीटरवर जाताना दाब थेट दुप्पट होतो. 20 ते 30 मीटरमध्ये तो दीडपटही वाढत नाही. म्हणजे कानाला आणि तोलाला सगळ्यात जास्त त्रास उथळ पाण्यातच.

म्हणून कान दुखायची वाट पाहू नका. डोकं पाण्याखाली गेल्यापासूनच दर अर्ध्या-एक मीटरला नाक दाबून हलकेच फुंकर मारा. कान मोकळा होत नसेल तर मीटरभर वर या आणि पुन्हा प्रयत्न करा, जोर लावू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, पैसे भरलेले असले तरी.

बुडायला मदत व्हावी म्हणून कमरेच्या पट्ट्यात शिशाचं वजन लावतात. त्याची चूक तर जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. तलावात शिकताना बसलेलं वजन समुद्रात पुरत नाही, कारण खारं पाणी जास्त उचलतं. साधारण अडीच-तीन किलो वाढवावे लागतात, आणि वेटसूट (थंडीपासून वाचवणारा रबरी सूट) जाड असेल तर आणखी. पण ‘बुडत नाही’ म्हणून पट्ट्यात शिसं भरत सुटणं त्याहून वाईट. मग तरंगण्यासाठी अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटात हवा भरावी लागते, ती खाली आकुंचन पावते, वर येताना फुगते आणि माणूस वर-खाली होत राहतो. साधी चाचणी करा: जॅकेट रिकामं, श्वास नेहमीसारखा, पाय स्थिर. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली गेलात, की वजन बरोबर. सिलिंडर भरलेला असेल तर दोनेक किलो जास्त ठेवा, कारण डाइव्हच्या शेवटी तो तेवढा हलका होतो. पहिले काही श्वास भीतीने अर्धवट सोडले जातात. तेव्हा वजन वाढवण्याआधी सावकाश, पूर्ण श्वास सोडून पाहा.

तोल जाताच हात खडकावर टेकवायचा मोह होतो. तिथे समुद्री साळिंदराचे काटे असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी विंचूमासाही. पोसिडोनिया ओशनिका हे पट्टीसारख्या पानांचं गवत फक्त भूमध्य समुद्रातच उगवतं आणि फारच सावकाश पसरतं, त्यामुळे त्यावर पायातले फिन्स आपटू देऊ नका.

मे महिन्यात कडक ऊन पाहून अर्ध्या बाह्यांचा सूट मागू नका. तेव्हा पाणी 18-19 अंशांच्या आसपास असतं. पाच मिलिमीटरचा पूर्ण सूट घ्या.

सगळ्यात गंभीर चूक म्हणजे वर येताना श्वास रोखणं. 10 मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. घाबरलात तरी श्वास चालू ठेवा. मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा. माशांच्या नादात सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारं गेज पाहायचं राहतं, म्हणून काटा 100 बारवर (बार हे दाबाचं एकक) आला की इन्स्ट्रक्टरला खूण कराच.

परतीचं विमान एका डाइव्हनंतर किमान 12 तासांनी आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तासांनी धरा. तिकीट काढतानाच हा हिशेब करा.